नुसत्या पाण्याची नळी

५ नोव्हेंबर, झाशी

पोचले एकदाची! गाडीने वाटेत जीव काढला, पण स्टेशनाबाहेर आले आणि थंडगार वाऱ्याने सगळा शीण उतरवला. पुण्यात मला हसणाऱ्यांनो, बघा, मृदुला झाशीत येऊन पोचली आणि तिथल्या डीएनए लॅबची मुख्य विश्लेषक झाली. पुण्यात आणखी दहा वर्षं घासली असती तरी हे पद मिळालं नसतं, आणि मिळालं असतं तर तिथल्या माझ्या साहेबाने, सुजयने, ते खाल्लं असतं.

खोली सिपरी बाजारात, अनुसूयाकाकूंच्या घरी, वरच्या मजल्यावर. काकूंचे यजमान भुसावळहून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथेच राहिले. काकूंचं मराठी ऐकून मजा वाटते. 'बेटा, आधी नहाऊन घ्या, मग गरम गरम पराठे घालते' असं म्हणाल्या. त्यांच्या नातवंडांना मराठी समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

कराडहून आईचा फोन आला. जेवलीस का, पांघरूण आहे का, माणसं कशी आहेत, सगळी चौकशी झाली. बाबा गेल्यावर आम्ही दोघीच. डिसेंबरात चार दिवस येते म्हणाली. तिने यायच्या आत खोलीला घरपण आणायचं आहे.

७ नोव्हेंबर

लॅब छोटी, पण यंत्रं छान. मालक डॉक्टर हृषीकेश इथल्या जुन्या मराठी घरातले. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या काळात कारभारी म्हणून आले होते, हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं. बोलायला गोड माणूस. टेबलावर बायको आभा आणि मुलगी स्वरदा यांचा फोटो आहे. मुलगी पहिलीत आहे आणि शाळा सुटली की रिक्षातून थेट इथे येऊन 'बाबा' म्हणत त्यांच्या मांडीवर चढते.

पहिल्याच दिवशी माझ्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतला. हा आमच्या धंद्यातला शिरस्ता. काम करणाऱ्याची शिंक, केस, थुंकी नमुन्यात पडू शकते, म्हणून प्रत्येकाचा डीएनए आधीच नोंदवून ठेवायचा. मग घाण सापडली की कुणाची ते लगेच कळतं.

आज नव्या पोरींना फ्लुओरेसन्स शिकवला. इथे हिंदीत प्रतिदीप्ति म्हणतात. लग्नाच्या वरातीत जांभळ्या दिव्याखाली नवरदेवाचा पांढरा शर्ट कसा झळकतो, तेच हे. एका रंगाचा प्रकाश आत जातो, थोडी ताकद आत खर्ची पडते आणि उरलेला प्रकाश दुसऱ्या, कमी ताकदीच्या रंगात बाहेर येतो. निळा आत, हिरवा बाहेर. डीएनए स्वतः काही चमकत नाही. त्याला बिलगून बसणारा रंग घालायचा, जेलीच्या पातळ लादीत वीज सोडून ते तुकडे पळवायचे आणि खालून निळा दिवा लावायचा. जिथे डीएनए तिथे हिरवी रेघ. दिवा बंद केला की चमक त्याच क्षणी जाते.

लादीतलं शेवटचं घर नुसत्या पाण्याचं. त्या नळीत सगळी रसायनं घालायची, पण डीएनए मात्र कुणाचाच नाही. ते घर काळंच दिसलं पाहिजे. तिथे काही उजळलं तर बाकीच्या कुठल्याच घरावर विश्वास ठेवायचा नाही, लादी फेकायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे मी पोरींना तीनदा बजावलं.

१४ नोव्हेंबर

इथली एक गंमत कळली, आणि माझं डोकंच फिरलं. ही मंडळी पाण्याची नळी चालवतच नाहीत! कॉम्प्युटरवर काळ्या घराचा एक जुना, सुंदर फोटो आहे. प्रत्येक अहवालात तोच चिकटवतात. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, पाणी ते पाणीच, रोज रोज काय तपासायचं, मॅडम? मी हसत हसत म्हटलं की मग भात रोज कशाला शिजवायचा, कालच्याचा फोटो ताटात वाढा. त्यांना ते आवडलं नाही.

मी ऐकणारी नव्हे. नवी सीलबंद बाटली फोडली, पाण्याची नळी केली आणि दुपारी काळ्या पडद्यामागे लादी दिव्यावर ठेवली.

शेवटचं घर उजळलं. बाकी सगळ्यांपेक्षा जास्त.

१७ नोव्हेंबर

बाटली बदलली, हातमोजे बदलले, टेबल पुसून काढलं. दुसऱ्या खोलीत जाऊन केलं. तरी तेच. मग ती नळी मोठ्या यंत्रात घातली. तिथे तुकड्यांना चार रंगांचे झेंडे लावलेले असतात, लेझर पडला की ज्याचा तो रंग चमकतो आणि पडद्यावर टोकदार शिखरं उभी राहतात. प्रत्येक जागी माणसाचे दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून.

घाण लॅबमधल्या कुणाचीच नाही. माझीही नाही. पाण्यात दोघी आहेत. दोन्ही बायकाच, आणि प्रत्येक जागी दुसरीचा एक आकडा पहिलीचाच आहे. आई आणि मुलगी. कुणी तरी पूर्वी केलेली घाण असणार असं मी स्वतःला समजावलं.

१९ नोव्हेंबर

आज मानिक चौकात उशीची खोळ घेत होते. गळ्यात लॅबचं ओळखपत्र तसंच राहिलं होतं. ते बघून एक दाढी वाढलेला तरुण जवळ आला आणि विचारलं की पानी की नली चलाई क्या.

तो देवेंद्र, माझ्या आधीचा विश्लेषक. चहाच्या टपरीवर बसून त्याने सगळं सांगितलं. बरुआसागरच्या एका घराने आपल्या सुनेवर संशय घेतला. तिचं नाव केसर. तिची मुलगी नवऱ्याची आहे का ते तपासायला नमुने इथे आले. देवेंद्रने घाईत दोन पोरांच्या नळ्यांची अदलाबदल केली. अहवाल गेला की मुलगी नवऱ्याची नाही. दुसऱ्या दिवशी चूक कळली तेव्हा डॉक्टर म्हणाले, कागद गेला तो गेला, आता उकरू नका, लॅबचं नाव जाईल. सासरच्यांनी केसरला पोरीसकट रस्त्यावर काढलं. माहेरच्यांनी दार उघडलं नाही. मग दोघी तलावात सापडल्या.

त्यानंतर पाण्याचं घर कधी काळं राहिलंच नाही. म्हणून तो जुना फोटो.

मग तो म्हणाला की त्याची आई त्याला ओळखत नाही. तो घरी गेला की ती विचारते, भैया, किससे मिलना है? आई पोलीस ठाण्यात जाऊन मुलगा हरवल्याची तक्रार देऊन आली, तेव्हा हा तिच्या शेजारी उभा होता. मी त्याला वेडा समजले. चहा अर्धा टाकून उठले.

२४ नोव्हेंबर

आज असा योग आला की देव आहे असं वाटायला लागलं. गुणवत्तेचा दाखला देण्याआधी लॅब तपासायला परीक्षक येणार आहे, आणि तो परीक्षक कोण? सुजय! मी महिनोन्‌महिने खपून बसवलेली पद्धत स्वतःच्या नावावर सभेत सादर करणारा तो सुजय. मी समोर बसले होते आणि त्याने माझ्याकडे बघून मान डोलावली होती. मी काही विसरत नाही. माझ्यावर थुंकलेल्याला मी आयुष्यभर ओळखते. त्याच्या नाकावर टिच्चून एक डागही नसलेलं काम त्याच्यासमोर ठेवणार, आणि खाली त्याला सही करायला लावणार.

तो बघणार आहे ते ताजं प्रकरण गुड्डी नावाच्या बाईचं. मऊरानीपूरचं माहेर, सासर इथलंच. नवऱ्याला पोराचा संशय, म्हणून प्रकरण कोर्टात.

२५ नोव्हेंबर

गुड्डीच्या लादीवर पाण्याचं घर उजळलं. यंत्रातही त्या दोघी. मुलाच्या शिखरांच्या पायथ्याशी त्यांची छोटी टोकं मिसळलेली. मुलगा नवऱ्याचा नाही असं दिसतंय, पण अशा घाणीत काहीच खरं मानता येत नाही, हे मला कळतं. पोरींना मीच शिकवलंय.

नवे नमुने मागवायचे तर तोवर सुजय येऊन जाईल. किंवा त्याला हे उजळलेलं घर दाखवावं लागेल, आणि तो पुन्हा मान डोलावेल.

जिच्याखालची शिखरं यंत्र मोजत नाही ती रेषा, खालची टोकं दिसू नयेत इतकी वर चढवली. काळ्या घराचा जुना फोटो लावला. मुलगा नवऱ्याचा नाही, असा अहवाल. त्यावर माझी सही, खाली डॉक्टरांची. केसरच्या वेळी एकाच सहीची पद्धत होती. दोन सह्यांचा नियम त्यानंतर, काळजी म्हणून आला.

२८ नोव्हेंबर

सुजय आला. माझी खुर्ची, माझं नाव दारावर, आणि तो उभा! फाइल उलटसुलट चाळली, एक चूक सापडली नाही. तपासणीच्या कागदावर सही करताना अडखळला. म्हणाला, काम चांगलं आहे, मृदुला. मी म्हटलं, माझं काम नेहमी चांगलंच होतं, सर, तुम्हालाच नावं लक्षात राहत नाहीत. पोरी फिदीफिदी हसल्या. त्याचा चेहरा असा पडला की मी बडा बाजारातून पावशेर रबडी आणली आणि काकूंबरोबर खाल्ली.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, बास झालं आता, इतका राग बरा नव्हे. तिला काय कळतंय.

१ डिसेंबर

दुपारी पडद्यामागे गेले. दुसरंच काम होतं, पाण्याची नळी मी घातलीही नव्हती. शेवटचं घर रिकामं होतं, नुसती जेली. दिवा लावला, ते उजळलं.

दिवा बंद केला.

ते उजळतच राहिलं.

असं होत नाही. आत प्रकाश जात नसेल तर बाहेर येत नाही. मी प्लग काढला. तरी हिरवी रेघ, आणि तिला बिलगून एक लहान रेघ.

२ डिसेंबर

गुड्डी लॅबमध्ये आली. कडेवर पोर, पायात चप्पल नाही. सासरच्यांनी काढलं आहे. रडली नाही, भांडली नाही. काचेपलीकडून एवढंच म्हणाली, "जौ मोड़ा उनईं कौ आय, दीदी. मसीन झूठी बोल रई." मोड़ा म्हणजे मुलगा; तो त्यांचाच, असं ती सांगत होती. मी म्हटलं, मशीन खोटं बोलत नाही. हे मी म्हटलं. माझ्या तोंडाने.

ती गेल्यावर तिच्या लादीचा खरा फोटो पुन्हा उघडून बसले. मशीन खोटं बोललंच नव्हतं. पाण्याचं घर उजळून सांगत होतं, थांब, हे पाठवू नकोस. पाण्यातली ती बाई रोज सांगत होती. मी तिच्यावर जुना फोटो चिकटवला.

डॉक्टरांना म्हटलं की अहवाल परत मागवू. ते म्हणाले, गेला तो गेला.

४ डिसेंबर

आज जे पाहिलं ते— नीट लिहिते. शाळेची रिक्षा आली. स्वरदा आत धावत आली. डॉक्टरांनी हात पसरले. ती थबकली आणि किंचाळली. ये कौन हैं, ये कौन हैं! मागून आभाबाई आल्या, मुलीला मागे ओढलं आणि नवऱ्याला विचारलं, आपको किससे मिलना है? डॉक्टर हसले. चेष्टा वाटली त्यांना. मग त्यांनी आभाबाईंचा हात धरला आणि त्यांनी ओरडून लोक गोळा केले. मी सांगत होते, पोरी सांगत होत्या की हेच तुमचे यजमान. आभाबाई म्हणाल्या, माझ्या नवऱ्याला मी ओळखत नाही का?

टेबलावरच्या फोटोत आभाबाई आणि स्वरदा आहेत. डॉक्टर बाहेर रस्त्यावर बसले होते.

देवेंद्र वेडा नाही. केसरच्या कागदावर एकट्या त्याची सही होती, गुड्डीच्या कागदावर डॉक्टरांची आणि माझी.

५ डिसेंबर

गालात काडी फिरवली. स्वतःचा नमुना केला. शेजारी पाण्याची नळी.

पाणी उजळलं.

माझं घर काळं.

पुन्हा केलं. रक्त घेतलं, बोट कापून. काळं. यंत्रात सपाट रेषा. पहिल्या दिवशी नोंदवलेला माझा डीएनए काढून पाहिला, तिथे मी आहे. आता नाही. पाण्यात त्या आहेत आणि माझ्या रक्तात कुणीच—

६ डिसेंबर

स्वतः कोर्टात गेले. लिहून दिलं की गुड्डीचा अहवाल खोटा, सही माझी, दोष माझा, नमुने दुसरीकडे पाठवा. शिक्का घेतला. मऊरानीपूरलाही फोन केला, तिच्या भावाला सगळं सांगितलं. तो शिव्या देत होता, मी ऐकत होते. गुड्डी जिवंत आहे. पोर जिवंत आहे. देवा, एवढं तरी.

देवेंद्रला चौकात गाठून सांगितलं. तो म्हणाला, त्यानेही लिहून दिलं होतं, केसर गेल्यावर. माफी मागून काही होतं का? मी विचारलं. त्याने मलाच विचारलं की तुम्ही कधी कुणाला माफ केलं आहे का.

सुजयचा पडलेला चेहरा आठवला. रबडी आठवली. मी त्याला मेल्यावरही माफ करणार नव्हते. मग केसर मला का करेल?

संध्याकाळी आईचा फोन आला नाही. मी केला. ती म्हणाली, कोण? मी म्हटलं, आई, मी. ती म्हणाली, नंबर चुकला असेल, ताई. मी तर मुलीशी आत्ताच बोलले.

७ डिसेंबर

आई गाडीत बसली असेल. दहादा फोन केला. येऊ नकोस सांगायला. उचलते आणि ठेवते.

काकू जिन्यात भेटल्या. त्यांनी ओळखलं. परकी माणसं ओळखतात. फक्त आपलीच—

मला समोर बघितलं की कळेल तिला. आई आहे ती. आकड्यांनी थोडीच ओळखते. नऊ महिने पोटात होते मी.

८ डिसेंबर

स्टेशनवर गेले. डब्यातून उतरली. निळं लुगडं, तीच पिशवी. मी हात केला. आई हसली! माझ्याकडे बघून हसली, धावत आली, आणि माझ्या अंगावरून पुढे—

मागे एक बाई उभी होती. कडेवर मुलगी. दोघींच्या केसांतून पाणी गळत होतं. आईने तिला मिठी मारली. किती वाळलीस गं मृदुले, म्हणाली. पोरीचे मुके घेतले. पदराने डोकं पुसलं तिचं. मी आईचा दंड धरला, ओरडले. तिने हात झटकला. पोलिसांना हाक मारली.

तशीच पळत आले. रिक्षा. खोली. कडी लावली आहे.

नंतर

खाली आल्या आहेत. काकूंना आई सांगते आहे की ही माझी लेक. आणि ही नात. काकू बावरल्या आहेत, आणि मग म्हणाल्या, हो का, बसा. काकू, तुम्ही तरी—

जिन्यावर पावलं. ओली. आईची कोरडी.

मी बाईचा आवाज ऐकला. माझा आवाज आहे तो. कराडचा हेल, जसाच्या तसा. आईला सांगते आहे, हळू चढ, गुडघा दुखेल.

आईच्या गुडघ्याचं कुणाला माहीत—

दार वाजवतेय आई. आत कोण आहे म्हणून विचारतेय. मी सगळं सांगतेय दारातून, बाबांचं नाव, लहानपणीचा ताप, तिने शिवलेलं झबलं, तिच्या पाठीवरचा चामखीळ. ऐकतेय ती. ऐकतेय. गप्प झालीय. आई, ओळखलंस ना? आई—

ती बाई म्हणाली, आत कुणी नाही गं आई.

आई म्हणाली, हो बाई, कुणीच नाही. चल.

पावलं उतरतायत. आई, मी आहे. मी इथे आ